स्पीड फुल आहे, तरी गेम काहून अडकतो?

राजेहो, सगळ्यात आधी हे सांगतो, क्लाउड गेमिंग करताना गेम अडकला की लगेच मोठ्या प्लॅनचा रिचार्ज मारू नका. 40 एमबीपीएसचा प्लॅन 100 चा केला, घरच्यांचे पैसे गेले अन् गेम तसाच अडकतो, कारण स्पीड बहुतेक वेळा कमी नसतोच. जीफोर्स नाऊ ही अशीच एक क्लाउड गेमिंग सेवा, तिचे लोक स्वतःच सांगतात की 720पीला 15 एमबीपीएस अन् 1080पीला 25 पाहिजे. पण त्यांनीच पुढं लिहिलंय की सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे इशारा जाऊन परत यायला लागणारा वेळ, 80 मिलिसेकंदाच्या आत पाहिजे, 40 च्या आत असला तर उत्तम, अन् ते कोणी वाचत नाही.

गेम तुमच्या मोबाईलवर चालतच नाही नं, तो चालतो दूर डेटा सेंटरमध्ये, तुम्ही बटण दाबलं की इशारा तिकडं जातो, तिकडं चित्र तयार होतं अन् त्याचा व्हिडिओ तुमच्याकडं येतो, सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे एका चित्राला जेमतेम 17 मिलिसेकंद. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच साठवून ठेवतं, म्हणजे छतावरची टाकी, लाइट गेली तरी नळाला पाणी राहतं. गेम म्हणजे थेट मोटरच्या पाइपाला तोंड लावणं, मोटर जरा अडखळली की धार तुटली. म्हणून ‘यूट्यूब तर मस्त चालतं भाऊ’ हा पुरावा इथं कामाचा नाही.

अन् आपण खेड्यात राहतो म्हणून आपलं होणार नाही, हे पहिले डोक्यातून काढा. समजा तुम्ही नागपूरकडं अन् सर्व्हर मुंबईत, अंतर 800 किलोमीटर धरा, फायबरमध्ये उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 8 मिलिसेकंद. केबल फेऱ्यानं जाते, मधल्या मशिनींना वेळ लागतो, तरी खरा घोळ अंतराचा नाही. ज्या पोट्ट्याच्या घरी महागडा पीसी कधीच येणार नव्हता त्यालाही आता मोठे गेम खेळता येतात, ते एका वाकड्या वायरीपायी सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

बिघाड शोधायला सुरुवात घरातून करा. पहिले राउटरला पिंग मारा, पत्ता बऱ्याचदा 192.168.1.1 असतो, राउटरच्या स्टिकरवर पाहा, लॅपटॉपच्या कमांड विंडोत ping लिहून पुढं तो पत्ता टाका, लॅपटॉप नसला तर मोबाईलवर फुकट ॲप मिळतात. दोन-तीन मिनिटं चालू ठेवा अन् आकडा उड्या किती मारतो ते बघा. 2, 3, 2, 4 असं चाललं तर वायफाय ठीक. मध्येच 150, मध्येच टाइम आउट, तर बाप्पा, गडबड घरातच आहे, नेटवाल्याला शिव्या देऊन काही होणार नाही.

आपल्या इकडं राउटर असतो समोरच्या खोलीत, टीव्हीच्या मागं, कारण वायर तिथून आत आली. पोट्टा खेळतो मागच्या खोलीत, मध्ये मातीची जाड भिंत, वर टीन. 2.4 गिगाहर्ट्झ त्यातून कसंबसं जातं, पण ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं, म्हणजे वायरलेस कंट्रोलर अन् वायफाय एकमेकांच्या अंगावर. 5 गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण जाड भिंत लागली की ते दमतं. खरा इलाज लॅन केबलचा, ती 100 मीटरपर्यंत चालते, म्हणजे अंगण ओलांडून जाईल. ते जमत नसेल तर राउटरच खेळायच्या खोलीत आणा अन् कंट्रोलर यूएसबीनं जोडा.

राउटरपर्यंत ठीक असेल तर 8.8.8.8 ला, म्हणजे घराबाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग मारा. घरात कोणाच्या मोबाईलवरचे लग्नाचे फोटो बॅकअपला लागले की अपलोडची लाइन भरते अन् तुमच्या बटणाचे इशारे त्या रांगेत अडकतात, 30 चा पिंग 300 वर जाऊ शकतो. बॅकअप थांबवून पाहा, पिंग उतरला म्हणजे चोर सापडला.

तरीही पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, मध्येच गळतात अन् टाइम आउट येतो? मग फायबर बघा. राउटरवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला तर सिग्नलच नाही, पण लाल दिवा नसतानाही सिग्नल कमजोर असू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद, पाहा, आकडा डीबीएममध्ये असतो, उणे 20 च्या आसपास चांगलं, उणे 27 च्या खाली गेलं की त्रास ठरलेला. वानरं वायरीला लटकतात, कोणी खिळ्याला गुंडाळून काटकोनात वाकवते, अन् आत तर काच आहे. तक्रार करताना हा आकडा अन् वेळ लिहून द्या, ‘नेट स्लो आहे’ एवढ्यावर कोणी खांबावर चढत नाही.

कोणी विचारेल, मोबाईल डेटावर चालते का. 25 एमबीपीएसनं तासाला 11 जीबी लागतात, रोजचा 2 जीबीचा पॅक दहा-अकरा मिनिटांत साफ. पण तपासायला हॉटस्पॉट कामाचा आहे. घरच्या नेटवर अडकतो अन् हॉटस्पॉटवर नाही, तर घरची लाइन किंवा वायफाय पकडा, दोन्हीकडं सारखाच अडकला तर मोबाईल तापला का ते बघा, नाहीतर सर्व्हरवर गर्दी असेल, तासाभरानं पुन्हा लावा.