टोपी पळवणारा पाहुणा

श्रोतेहो, नमस्कार.

फ्लूच्या विषाणूकडे स्वतःचं सामान ते किती? आरएनएचे ८ तुकडे आणि त्यांवरून तयार होणारी डझनभर प्रथिनं. तो शिरतो त्या मानवी पेशीकडे मात्र सुमारे २०,००० प्रथिनांची जनुकं. एवढ्याशा गाठोड्यावर तो काही तासांत स्वतःच्या ढीगभर प्रती काढतो, त्या उसनवारीवर. ही उसनवारी कशी चालते, ते आज पाहू.

आपण पटकन म्हणतो, आयत्या बिळावर नागोबा. पण इथे ही म्हण अपुरी पडते. नागोबा बिळात नुसता वेटोळं घालून बसतो. विषाणू बिळाची रचनाच बदलायला घेतो.

पोलिओचा विषाणू पाहा. आपल्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या, टोकाला एक रासायनिक टोपी असते. ती ओळखून पेशीतली काही प्रथिनं त्या संदेशाला रायबोसोमपर्यंत, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रापर्यंत, आणून सोडतात. त्यातलं एक मधला दुवा असतं. पोलिओचं प्रथिन कात्रीसारखं चालतं आणि हा दुवा नेमका कापतं. मग टोपीवाले संदेश ताटकळत राहतात. विषाणूच्या आरएनएला टोपीच नाही, तो रायबोसोमला थेट मधूनच पकडतो. आणि कापलेल्या दुव्याचा उरलेला तुकडा? तो विषाणूच्या कामाला लागतो! एका घावात मालकाचं काम बंद आणि स्वतःचं सुरू.

मानवी पॅपिलोमा विषाणूची तऱ्हा वेगळी. तो पेशीच्याच कचरा-व्यवस्थेला हाताशी धरून पी-५३ या पहारेकरी प्रथिनाची विल्हेवाट लावतो.

पण मला सगळ्यात रंजक वाटतो तो फ्लूच. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं. हा मात्र टोपी पळवून फसवतो. त्याचं प्रती काढणारं यंत्र तीन प्रथिनांचं असतं. पेशीच्या केंद्रकात जिथे नवे संदेश लिहिले जातात, तिथे ते पेशीच्या लेखनिक एन्झाइमलाच जाऊन चिकटतं. नवा संदेश बाहेर आला की एक प्रथिन टोपी धरतं, दुसरं संदेशाच्या पहिल्या १० ते १३ अक्षरांसकट ती छाटतं. तीच टोपी विषाणूच्या संदेशाला बसते आणि रायबोसोमला संशयही येत नाही.

एवढं करूनही स्वतःच्या जनुकांची नक्कल काढताना त्याचं अडतं. तिथे पेशीचं एएनपी-३२ए नावाचं प्रथिन हाताशी लागतं. हे २०१६ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं, आणि एक जुनं कोडं उलगडलं. पक्ष्यांचा फ्लू माणसाच्या पेशीत इतका अडखळतो का? बहुतेक पक्ष्यांच्या या प्रथिनात ३३ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिन ज्यांचं बनतं त्या घटकांचा, एक जादा तुकडा असतो, आपल्या प्रथिनात तो नाही. पक्ष्यांच्या विषाणूचं यंत्र त्या तुकड्याला सरावलेलं. पण यंत्राच्या पीबी-२ प्रथिनात ६२७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलं, की ते आपल्या आखूड प्रथिनाशीही जुळवून घेतं. एका अमिनो आम्लाचा फरक! बर्ड फ्लूच्या नमुन्यांत शास्त्रज्ञ ही जागा डोळ्यांत तेल घालून तपासतात, ते याचसाठी.

मग विषाणू आणि आपल्या पेशीची ही जोडीच तोडायची का? विषाणूच्या बाजूने तोडता येते. टोपी छाटणाऱ्या कात्रीला अडवणारं बालोक्झाविर हे औषध २०१८ मध्ये जपानमध्ये मंजूर झालं. पण कात्रीतलं एक अमिनो आम्ल बदललं की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, आणि तसे विषाणू रुग्णांत सापडलेही आहेत.

आपल्या बाजूने तोडलं तर? आपलं प्रथिन काही विषाणूला बदलता येत नाही, म्हणून हा मार्ग मोहात पाडतो. प्रयोगशाळेत मानवी पेशींतून एएनपी-३२ए काढून टाकलं, तर फ्लूचं फारसं बिघडत नाही, कारण एएनपी-३२बी हे भावंड त्याचं काम भागवतं. दोन्ही काढली की प्रती निघणं जवळपास थांबतं. मात्र उंदरांत ‘ए’ नसलं तरी ते जगतात. ‘बी’ नसेल, तर बरीच पिल्लं जन्माच्या सुमारासच दगावतात.