टीपीएमची चिप विकत घेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवायला गेलं की ‘टीपीएम २.० लागेल’ असं उत्तर येतं. मग नवी पेठेत चिपची चौकशी सुरू होते. पण बहुतेकांना ती विकत घ्यावीच लागत नाही.

टीपीएम म्हणजे कुलपाच्या किल्ल्या जपणारी छोटी तिजोरी. पूर्वी ती मदरबोर्डवर वेगळी चिप म्हणून बसायची. जर्मनीची इन्फिनिऑन, युरोपचीच एसटीमायक्रो, तैवानची नुवोटॉन, अशी या चिपवाल्यांची चुरस होती. पुढे इंटेलने ‘पीटीटी’ आणि एएमडीने ‘एफटीपीएम’ या नावाने हेच काम प्रोसेसर किंवा त्याच्या जोडीच्या चिपसेटमधल्या फर्मवेअरकडे, म्हणजे आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरकडे दिलं, तेही वेगळे पैसे न घेता. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही प्लूटन, म्हणजे प्रोसेसरमध्येच बसणारी अशीच तिजोरी, जाहीर केलं. तरी २०२१ च्या जूनमध्ये विंडोज ११ ची अट कळताच सुट्या चिपांचे भाव भडकले. पुष्कळांच्या मशीनमध्ये ती सोय होतीच, फक्त बंद होती!

विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करा. खाली निर्मात्याचं नाव दिसेल. आयएनटीसी म्हणजे इंटेल, आयएफएक्स म्हणजे इन्फिनिऑन, एनटीसी म्हणजे नुवोटॉन. त्याच ओळीत ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’ २.० हवं. टीपीएम सापडत नाही असं आलं, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, पीटीटी किंवा एफटीपीएम चालू करा. तेही नसेल, तरच सुट्या चिपचा विचार. पण बोर्डाचं मॅन्युअल उघडून टीपीएमच्या जागेच्या पिना मोजा: कुठे १२, कुठे १४, कुठे २०. एका कंपनीची चिप दुसरीच्या बोर्डावर बसेलच असं नाही. शिवाय इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर चिप बसवूनही विंडोज ११ बहुधा नकारच देणार. म्हणजे पैसे पाण्यात.

सुटी चिप जास्त सुरक्षित, असं काउंटरवर सांगतात. सरसकट तसं नाही. चिप ते प्रोसेसर या तारांवरून जाणारी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची किल्ली, मशीन सुरू होताना विचारला जाणारा पिन नंबर लावलेला नसेल, तर मशीन हाती लागलेला जाणकार टिपू शकतो. २०१७ मध्ये इन्फिनिऑनच्या चिपांतच किल्ल्या बनवण्याच्या पद्धतीत दोष निघाला होता.

खरी फजिती बायोस अपडेट करताना होते. एएमडीच्या काही बोर्डांवर काळ्या पडद्यावर प्रश्न येतो: एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन? घाईत वाय दाबला आणि बिटलॉकर चालू असेल, तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. कारखान्याच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर हे जीएसटीच्या २० तारखेला झालं, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून अपडेटआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. आणि ते ४८ आकडे कागदावर छापून पासबुकाबरोबर कपाटात ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नव्हे.