केशवाहिनीतून बाहेर पडलेलं पाणी

दिवसभर बसून किंवा उभं राहून घरी आल्यावर मोजे काढले, की घोट्याच्या वर मोज्याच्या कडेचा वळ दिसतो. तो वळ जिथे रुततो, त्या कातडीखालच्या पाण्याबद्दल मी आज बोलणार आहे. हे पाणी काही तासांपूर्वी तुमच्या रक्तात होतं.

केशवाहिनी, म्हणजे धमनी आणि शीर यांना जोडणारी सर्वांत बारीक रक्तवाहिनी, इतकी अरुंद असते, की तांबड्या पेशीला तिच्यातून बहुतेक वेळा अंग चोरूनच जावं लागतं. तिची भिंत म्हणजे पेशींचा एकच थर. त्या पेशींमधल्या फटींतून पाणी, क्षार आणि साखर सहज जातात; अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं बहुतांशी आत राहतात. रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि आत राहिलेली प्रथिनं त्याला आत ओढतात. या ओढाताणीचं गणित १८९६ साली लंडनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी मांडलं. त्यांनी कुत्र्याच्या एका मागच्या पायात मिठाचं पाणी भरून सूज आणली, दुसरा पाय तसाच ठेवला आणि दोन्ही पायांतून रक्त फिरवलं. सुजलेल्या पायातून फिरलेलं रक्त पातळ झालं, म्हणजे ऊतीतलं पाणी रक्तात आलं होतं. पायात मिठाच्या पाण्याऐवजी प्रथिनं असलेला रक्तद्रव भरला, तेव्हा मात्र ते शोषलं गेलं नाही. इतकी साधी मांडणी आणि इतकं स्पष्ट उत्तर! हा प्रयोग शिकवताना मला आजही तितकाच आनंद होतो.

यातूनच पुढे पाठ्यपुस्तकातली ती प्रसिद्ध आकृती आली. धमनीकडच्या टोकाला दाब साधारण ३५ मिलिमीटर पारा, प्रथिनांची ओढ २५. म्हणून पाणी बाहेर. शिरेकडच्या टोकाला दाब उतरून १५, ओढ तीच २५; म्हणून पाणी परत आत. उरलंसुरलं लसीकावाहिन्या, म्हणजे ऊतीतला द्रव गोळा करून रक्तात परत नेणाऱ्या नळ्या, नेतात. मीही ही आकृती कित्येक वर्षं फळ्यावर काढली. ती बहुतेक ऊतींच्या बाबतीत चुकीची आहे, आणि हे सगळ्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

चूक कुठे आहे? आकृतीत ऊतीतल्या द्रवाची प्रथिनं जवळजवळ शून्य धरलेली असतात. प्रत्यक्षात ती बऱ्यापैकी असतात. शिवाय केशवाहिनीच्या आतल्या बाजूला शर्करायुक्त रेणूंचं एक मऊ अस्तर असतं, त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. प्रथिनांना खरी अटक होते ती या अस्तरापाशी. अस्तराच्या मागच्या चिंचोळ्या फटीतून पाणी सतत बाहेर वाहत असतं, आणि ते वाहणं ऊतीतल्या प्रथिनांना फटीत शिरू देत नाही. आता समजा दाब उतरला आणि पाणी उलट आत येऊ लागलं. मग फटीतली प्रथिनं अस्तरामागे साचत जातात, आतल्या-बाहेरच्या ओढीतला फरक घटतो आणि काही मिनिटांतच आत येणं थांबतं. लेव्हिक आणि मिशेल या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये हे सगळे पुरावे एकत्र मांडले. मोठा रक्तस्राव झाल्यावर ऊतीतून पाणी रक्तात येतं हे खरं आहे आणि ते जीव वाचवतं, पण ती ओढ फार वेळ टिकत नाही. आतडं, मूत्रपिंड आणि लसीकाग्रंथी (लसीकावाहिन्यांच्या वाटेवरच्या गाठी) इथल्या केशवाहिन्या मात्र सतत शोषू शकतात, कारण तिथे ऊतीतली प्रथिनं दुसऱ्या वाटेने आलेल्या द्रवामुळे धुतली जातात किंवा पातळ राहतात.

मग बाकीच्या शरीरातलं पाणी परत कसं येतं? लसीकावाहिन्यांतून. दिवसाला सुमारे ८ लिटर द्रव त्यांच्यात शिरतो. सगळा रक्तद्रव, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्तातला द्रव, मिळून जेमतेम ३ लिटर, म्हणजे साधारण ९ तासांत तेवढा द्रव रक्ताबाहेर पडून फिरून येतो. या वाहिन्यांना झडपा असतात, आणि मोठ्या वाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू स्वतःहून आकुंचन पावून द्रव पुढे ढकलतात. यातला जवळपास निम्मा द्रव लसीकाग्रंथींतच रक्तात परततो, उरलेला मुख्यतः मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत पडतो. हत्तीपायाचे कृमी या वाहिन्या निकामी करतात आणि पाय किती सुजतो हे आपण जाणतोच.

आता मोज्याचा वळ. निश्चल उभं असताना पावलाच्या शिरांतला दाब ९० मिलिमीटरपर्यंत चढतो, आणि केशवाहिन्यांतून पाणी जास्त झिरपतं. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरांतलं रक्त वर पिळून काढतात, तो दाब झपाट्याने उतरतो आणि लसीकाही (लसीकावाहिन्यांतला द्रव) पुढे सरकते. पाय वर करून बसल्यानेही हा दाब उतरतो, म्हणून सूज कमी होते.

या दुरुस्तीचा परिणाम अतिदक्षता विभागातही दिसतो. रुग्णाच्या शिरेत द्रव भरताना सलाइनच्या तिप्पट काम अल्ब्युमिन करेल, कारण ते पाणी रक्तात धरून ठेवेल, असा जुन्या आकृतीवरचा हिशोब होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या जवळपास ७,००० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली आले. अल्ब्युमिनच्या एका भागाच्या जागी सलाइन लागलं ते सुमारे १.४ भाग, आणि २८ दिवसांतल्या मृत्यूंमध्ये दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.