सांभाळाच्या बदल्यात घर

सर्बियात एकट्या पडलेल्या वृद्धांसाठी एक करार आहे. आपलं घर किंवा शेत एखाद्याला द्यायचं कबूल करायचं आणि त्यानं मरेपर्यंत आपल्याला सांभाळायचं. तो माणूस पुतण्या असेल, शेजारीण असेल, अगदी परकाही असेल. सांभाळ म्हणजे काय, तेही कायद्यात आहे. राहायला जागा, जेवणखाण, कपडे, पायताण, आजारपणात शुश्रूषा, औषधपाणी. शेवटी अंत्यविधीही त्यानंच करायचा.

सही आज झाली तरी मालकी आज जात नाही. ती जाते मृत्यूनंतर. तोवर म्हातारं माणूस आपल्या घरात मालक म्हणूनच राहतं.

या कराराची रीत सांगतं ते सर्बियाच्या १९९५ च्या वारसा कायद्यातलं कलम १९५. करार लेखी हवा आणि मूळ कायद्यानुसार न्यायाधीशानं तो प्रमाणित करायचा. नुसता शिक्का मारून भागत नसे. न्यायाधीशानं दोघांनाही करार वाचून दाखवायचा. मग वृद्धाला बजावायचं, की ही मालमत्ता तुमच्या मागे वाटणीत येणार नाही; ज्या वारसांचा हिस्सा कायद्यानं राखून ठेवलाय, त्यांनाही यातून काही मिळणार नाही. ही रीत सोडून केलेला करार रद्दबातल. २०१४ पासून सर्बियात नोटरी आले. आज प्रमाणित करायचं आणि बजावायचं काम त्यांचं.

भांडण झालं तर मात्र कोर्टच. दोघांचं पटेनासं होऊन एकमेकांचं तोंड बघणं असह्य झालं, तर कुणीही करार मोडून मागू शकतो. परिस्थिती बदलली, तर कोर्ट सांभाळाऐवजी आयुष्यभराची रोख रक्कम बांधून देऊ शकतं. आणि मरणाच्या दारातल्या माणसाची सही कुणी घेतली असेल, तर वारस दाद मागू शकतात. किती काळ सांभाळावं लागेल याची सांभाळणाऱ्यानं कसलीच जोखीम घेतली नव्हती, असं दिसलं की कोर्ट करार रद्द करू शकतं.

आपल्याकडे बक्षीसपत्र नोंदवलं की घर हातचं जातं. सांभाळ झाला नाही तर दिलेलं घर परत मागायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ आधार देतं, पण घर गेल्यावर. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की घर सांभाळाच्या अटीवर दिलं होतं हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं, उदारपणे लावला आणि मध्य प्रदेशातल्या एका आईनं मुलाला दिलेली मालमत्ता तिला परत मिळवून दिली. तोवर तिला किती पायऱ्या चढाव्या लागल्या!

दुय्यम निबंधकाच्या टेबलावर फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, कबुली विचारली जाते. तिथंच कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं, 'आजी, यानंतर हे घर तुमचं राहणार नाही. चालेल ना?' कायद्यानं हे सक्तीचं व्हावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. ते होईपर्यंत दस्त करताना सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. मुलगा कितीही गुणी असला, तरी.