साहेबांना आधी ट्रकचं सांगा

(जळगावात, नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

दुपारचे अडीच वाजलेत आणि जेवणात भरीत अन् कळण्याच्या पुऱ्या होत्या. तेव्हा कुणाचा डोळा लागला तर मी मनाला लावून घेणार नाही. पण कंपनीत तुमची पाळी बहुधा अशाच वेळी येते. समोरचा माणूस पेंगुळलेला, त्याचा फोन थरथरतोय, आणि तुमच्या आधीच्या दोघांनी तुमचीही दहा मिनिटं खाल्लेली. तयारी करायची ती या माणसासाठी.

आपल्याला सवय असते घडलं त्या क्रमानं सांगायची. समजा, ठिबकच्या नळ्या करणाऱ्या कारखान्यातला एक शिफ्ट इंजिनिअर सकाळी साहेबांसमोर उभा आहे. "सर, काल रात्री लाइन चालू केली तेव्हा सगळं ठीक होतं. मग अकराच्या सुमाराला डायचा एक हीटर गेला. मेंटेनन्सला फोन लावला तर त्यांचा माणूस रजेवर. मग दुसऱ्याला बोलावलं, तोवर नळीची जाडी कमी-जास्त यायला लागली, मग आम्ही..." साहेब या सगळ्यात एकच गोष्ट शोधताहेत: नाशिकचा ट्रक आज निघतोय का? ती सापडत नाही म्हणून ते मध्येच तोडतात, आवाज चढवतात. पोरगा गांगरतो आणि पुन्हा पहिल्या पाळीपासून सुरू करतो.

तेच असं सांगून बघा. "सर, नाशिकचा माल आज जाणार नाही, उद्या दुपारी जाईल. हीटर गेल्यामुळे रात्रीच्या नळ्यांची जाडी बिघडलीय. भुसावळच्या ऑर्डरचा तयार माल आज नाशिकला वळवू का?" संपलं. मेंटेनन्सचा माणूस रजेवर होता हे साहेबांनी विचारलं तर सांगायचं, आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा ते विचारत नाहीत. ओट्यावर बसून गप्पा मारताना मात्र आपला जुनाच क्रम बरा. तिथं शेवट आधी सांगणाऱ्याला कोणी चहाही विचारत नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती इंग्रजी पुस्तकांवरून बेतलेल्या शिबिरांत मी कधी ऐकली नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. "पेमेंट आलेलं नाही." वाक्य लांबलं की श्वास संपतो, आवाज पडतो, आणि पडतो तो नेमका "नाही"वर. पलीकडच्याला ऐकू येतं, "पेमेंट आलेलं..." तो निर्धास्त होऊन फोन ठेवतो. घरी गेल्यावर मोबाइलवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐका. स्वतःचा आवाज ऐकताना अंगावर काटा येतो, तरी ऐका. जिथं शेवट विरतोय तिथलं वाक्य लांब आहे. त्याची दोन करा, आणि दुसरं सुरू करण्याआधी श्वास घ्या.

आकड्यांचंही असंच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फोनवर कितीसा फरक ऐकू येतो? केळीच्या पेट्यांची गाडी भरताना दहाची चूक कुणाच्या खिशातून जाते ते रावेरच्या पोरांना सांगायला नको. "एकोणसाठ, पाच-नऊ" असं दोनदा सांगायचं. आणि समोरच्याच्या मापात सांगायचं. जिनिंगवाल्याला 34,000 किलो रुई म्हणाल तर तो मनातल्या मनात भागाकार करत बसेल. 170 किलोची एक गाठ धरून 200 गाठी म्हणा. तोच माल बँकेच्या अधिकाऱ्याला सांगताना रुपयांत सांगा.

स्लाइडबद्दल फार बोलत नाही. अख्खी एक्सेल शीट पडद्यावर चिकटवायची आणि वर म्हणायचं, "दिसत नसेल, पण..." दिसत नसेल तर दाखवता कशाला? शेवटच्या रांगेत स्वतः जाऊन बसा आणि वाचून बघा.

पंधरा मिनिटांत चाळीस स्लाइड पळवणाऱ्यांना मी धुळ्याच्या तुरुंगाची आठवण देतो. 1932 साली तिथं विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. एका रविवारी एक अध्याय, असे 18 रविवार. विनोबांना दोन अध्याय एकत्र उरकता आले नसते का? पण ते उरकत नव्हते. तुमच्या मंगळवारच्या मीटिंगमध्येही एकच मुद्दा धसाला लावा. बाकीचे मेलवर पाठवा.

आता तुमच्या मनातला प्रश्न, जो चिठ्ठीवर तिघांनी लिहून दिलाय आणि नाव एकानंही घातलेलं नाही. पुण्याच्या ऑफिसात बोलताना आपली अहिराणी, लेवा बोली बाहेर डोकावते, केळीची केयी होते, कोणीतरी गालात हसतं. हसू द्या. तुमच्या हेलामुळे ऑर्डर अडलेली मी पाहिलेली नाही. घाईत गिळलेल्या शब्दांमुळे अडलेली पाहिलीय. होतं काय, हेल लपवायच्या नादात माणूस भरभर बोलतो, आणि मग खरंच काही कळत नाही. जोडीला दर वाक्यात "बेसिकली" आणि "ॲक्चुअली" येतात. शब्द सुचत नसेल तर सेकंदभर गप्प बसा. तुम्हाला ती शांतता युगाएवढी वाटते, समोरच्याला जाणवतही नाही.

राहता राहिलं, उत्तर येत नसेल तेव्हा काय. सगळ्यांना याचीच धास्ती असते, म्हणून तर लोक शेवटपर्यंत बोलत राहतात, प्रश्नांना वेळच उरू नये म्हणून! "हा आकडा आत्ता हाताशी नाही, चार वाजेपर्यंत पाठवतो," एवढं म्हणायचं आणि पावणेचारला पाठवायचा. अंदाजानं ठोकून दिलेला आकडा साहेब वहीत लिहून ठेवतात आणि पुढच्या महिन्यात तारखेसकट काढतात.

चला, माझी वेळ झाली. माईक मागच्या रांगेपासून फिरवूया. पुढचे काय, माईकशिवायही ऐकू येतात.