घरात कोण कोण झोपतं?

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर २०२५ च्या ऑक्टोबरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मी मूळची सांगलीची. तिथे एका सहकारी बँकेत एकवीस वर्षं काउंटरवर बसले. मग मुलाकडे इकडे आले. गेली नऊ वर्षं, जानेवारी संपत आला की एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत दर शनिवारी मी एका लायब्ररीच्या तळघरात असते. तिथे आम्ही दहा-बारा जण लोकांची टॅक्स रिटर्न विनामूल्य भरून देतो. आयआरएसचाच, म्हणजे इथल्या आयकर खात्याचाच, हा कार्यक्रम आहे, 'व्हॉलंटियर इन्कम टॅक्स असिस्टन्स'. सगळे त्याला 'व्हिटा' म्हणतात. पन्नास वर्षांहून जास्त काळ तो चालू आहे. गेल्या हंगामात साधारण ६७,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेली माणसं आमच्याकडे येऊ शकत होती.

कार्यक्रमाची माहिती नंतर सांगते. आधी एका बाईंबद्दल सांगू द्या. त्यांची ओळख कुणाला पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

फेब्रुवारीतला शनिवार होता. बाई स्पॅनिश बोलणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या. हातात एकच कागद, मालकाने दिलेला डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा दाखला. वर्षाची कमाई १९,००० डॉलर. पगारातून थोडा टॅक्स कापला गेला होता. तो परत मिळतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्या आल्या होत्या. मुलांचे कागद आणले नव्हते, कारण मुलांचा टॅक्सशी काय संबंध?

आमच्याकडे प्रत्येकाला आधी एक प्रश्नावली भरायला देतात. त्यात 'डिपेंडंट' असा शब्द आहे, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेलं माणूस. तो शब्द बहुतेकांना समजत नाही. मी तो वापरतच नाही. मी विचारते, "रात्री तुमच्या घरात कोण कोण झोपतं?"

त्या म्हणाल्या, "मी आणि माझ्या दोन मुली. एक नऊ वर्षांची, एक बारा."

नवरा? चार वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. भाडं कोण भरतं? त्याच. मुली वर्षभर त्यांच्याकडेच होत्या? हो.

मी त्यांना घरी पाठवलं आणि मुलींची सोशल सिक्युरिटी कार्डं (इथल्या सरकारी नंबराची) घेऊन यायला सांगितलं. दोन बस बदलून त्या पुन्हा आल्या. रिटर्न पूर्ण झालं, तेव्हा अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या कष्टकऱ्यांना टॅक्समधून मिळणारी मदत, ६,९६० डॉलर निघालं. चाइल्ड टॅक्स क्रेडिटमधला परत मिळणारा भाग २,४७५. न्यू जर्सी राज्य आपल्या परीने फेडरल अर्न्ड इन्कम क्रेडिटच्या ४० टक्के देतं, ते २,७८४. एकूण बारा हजारांच्या वर. वर्षाची कमाई एकोणीस हजार, आणि त्यावर हे बारा. त्यांनी आकडा तीनदा विचारला. दुभाषी मुलगी स्पॅनिशमध्ये सांगत होती, तरी मी कागदावर लिहून दाखवला.

मग मी मागच्या वर्षांचं विचारलं. त्यांनी रिटर्न भरलंच नव्हतं. "इतकं कमी कमावतेस, तुला भरायची गरज नाही," असं सगळे म्हणाले होते. ते कायद्याने बरोबरच होतं. एकटीने मुलांसह घर चालवणाऱ्या नोकरदार माणसावर २०२४ साठी २१,९०० डॉलरपर्यंत रिटर्न भरायची सक्ती नव्हती. पण सक्ती नाही म्हणून भरलं नाही की क्रेडिटही मिळत नाही. ते आपोआप येत नाही, मागावं लागतं. मागच्या वर्षांचा रिफंड मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्यामुळे त्यांची जुनी रिटर्नंही आम्ही भरली.

आयआरएसच सांगते की हक्क असलेल्या पाच जणांपैकी साधारण एक जण हे क्रेडिट मागतच नाही. तो पाचवा माणूस म्हणजे या बाई. माझं सगळं बोलणं आज त्या पाचव्या माणसाबद्दल आहे.

आता हे क्रेडिट म्हणजे काय ते थोडं सांगते. आपल्याला वजावट माहीत असते: उत्पन्नातून रक्कम वजा होते, टॅक्स कमी होतो. क्रेडिट थेट टॅक्समधूनच वजा होतं. आणि हे क्रेडिट असं आहे की टॅक्स शून्य झाल्यावरही जे उरतं ते हातात मिळतं. १९७५ साली ते सुरू झालं. सेनेटर रसेल लाँग यांनी ते लावून धरलं होतं. तेव्हा जास्तीत जास्त ४०० डॉलर मिळायचे. १९७८ मध्ये ते कायम झालं आणि पुढे वाढत गेलं. दोन मुलं असलेल्या घरात कमावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरवर सरकार चाळीस घालतं. एका मर्यादेपर्यंत ते वाढतं, मग काही काळ स्थिर राहतं, आणि कमाई आणखी वाढली की हळूहळू उतरतं.

हे वाचताना मला नेहमी आपली रोजगार हमी आठवते. महाराष्ट्राने कायदा केला की मागेल त्याला काम. इथला विचार त्याच गावचा, पण दुसऱ्या वाटेने येणारा: काम तुझं तू शोध, घामाचे पैसे कमी पडले तर वर आम्ही घालू. म्हणून कुणी याला भीक म्हटलं की मला राग येतो. नावातच 'अर्न्ड' आहे. एक डॉलरही कमावला नाही तर हे क्रेडिट मिळत नाही.

आता माझी एक चूक सांगते. तिसऱ्या हंगामात गोदामात काम करणारा एक तरुण माझ्यासमोर बसला. मी विचारलं, "लग्न झालंय? मुलं?" दोन्हीला नाही. मी 'सिंगल, मूल नाही' असं भरलं. आमच्याकडे नियम आहे की एकाने भरलेलं रिटर्न दुसऱ्या प्रमाणित स्वयंसेवकाने माणसासमोर बसून तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तपासणाऱ्या बाईंनी त्याला नुसतं विचारलं, "घरी एकटेच राहता का?" तो म्हणाला, "नाही, भाचा असतो. बहीण परत गेली, तेव्हापासून दोन वर्षं माझ्याकडेच आहे." भाचा सहा महिन्यांहून जास्त काळ मामाकडे राहत असेल, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर असेल, तर क्रेडिटसाठी तो त्या मामाचं मूल धरला जातो. माझ्या एका आळशी प्रश्नाने त्या मामाचे काही हजार डॉलर जाणार होते. मी मामा-भाच्यांच्या देशातून आलेली बाई, आणि मलाच सुचलं नाही! त्या दिवसापासून मी झोपण्याचा प्रश्न विचारते.

पण याला दुसरी बाजूही आहे. भाचा चालतो, पुतणी चालते, नातू चालतो, लहान सख्खं भावंड चालतं. चुलतभाऊ चालत नाही. आपल्याकडे 'भाऊ' म्हटलं की त्यात मावसभाऊ, आतेभाऊ सगळे आले. मराठी, गुजराती, तेलुगू माणूस "माझा भाऊ माझ्याकडे राहतो" म्हणाला की मी थांबते आणि विचारते, "सख्खा का?" त्याला ते थोडं लागतं. माझ्यासमोर एक जण म्हणाला, "मावशीचा मुलगा आहे, पण सख्ख्यापेक्षा जास्त." मला ते पटतं, आयआरएसला पटत नाही. आणि इथे चूक झाली तर ती स्वस्त नाही. बेफिकिरीने खोटा दावा केला असं ठरलं तर दोन वर्षं, फसवणूक ठरली तर दहा वर्षं क्रेडिट बंद. म्हणून आम्ही शाळेचं पत्र, डॉक्टरांचा कागद, घराचा करार, पत्ता दाखवणारं काहीही जपून ठेवायला सांगतो. पुढे आयआरएसचं पत्र आलं तर तोच कागद कामाला येतो.

आपल्या मंडळींकडून येणारे प्रश्न ठरलेले आहेत. मुलगी साताऱ्याला आजीकडे वाढतेय, तिचं क्रेडिट मिळेल का? नाही, मूल अर्ध्या वर्षाहून जास्त अमेरिकेत तुमच्याबरोबर राहायला हवं. भारतातल्या आईवडिलांना डिपेंडंट दाखवता येईल का? नाही, तुम्ही त्यांना कितीही पैसे पाठवत असलात तरी. बायकोकडे आयटिन (नुसता टॅक्ससाठी आयआरएस देते तो नंबर) आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. जोडीने रिटर्न भरलं तर? मग अर्न्ड इन्कम क्रेडिट मिळत नाही. भारतातल्या ठेवींचं व्याज? ते दाखवावंच लागतं, आणि ते मिळून गुंतवणुकीचं उत्पन्न फार झालं (२०२४ साठी मर्यादा ११,६०० डॉलर होती) तर क्रेडिट जातं.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी वेगळं सांगते. पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते सहसा टॅक्ससाठी अनिवासी असतात. त्यांना हे क्रेडिट नाही. नेहमीच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर मुलं घाईत चुकीचा फॉर्म भरतात. बरोबर फॉर्म म्हणजे अनिवासींचा १०४०-एनआर. आणि भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका टॅक्स कराराच्या एकविसाव्या कलमामुळे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरलेली सरसकट वजावट, मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या अनिवासींना मिळत नाही. परदेशी विद्यार्थ्यांची रिटर्न भरणारी वेगळी व्हिटा केंद्रं असतात, तिथे पाठवा.

भीतीबद्दलही बोलायला हवं. लोकांना वाटतं, हा रिफंड घेतला तर फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नधान्यासाठीची सरकारी मदत, बंद होतील. तसं नाही. फेडरल मदतीसाठी तो उत्पन्न धरत नाहीत, आणि मिळाल्यापासून बारा महिने शिल्लक म्हणूनही मोजत नाहीत. इमिग्रेशनचे प्रश्न आले तर मात्र आम्ही उत्तर देत नाही, वकिलाकडेच पाठवतो. अर्धवट माहितीवर दिलेला दिलासा माणसाला महागात पडतो.

फेब्रुवारी हा सगळ्यात अवघड महिना. २०१५ च्या कायद्यामुळे हे क्रेडिट असलेला कुठलाही रिफंड १५ फेब्रुवारीच्या आत सुटत नाही. भाडं थकलेलं असतं, गाडी बंद पडलेली असते. मग "आजच पैसे घ्या" अशा पाट्या लावलेल्या दुकानांत लोक जातात. रिटर्न भरण्याची फी, रिफंडमधूनच ती फी कापून घेण्याची वेगळी फी, असं करत काही शे डॉलर जातात. मी बँकेत असताना सावकाराकडून आलेली माणसं पाहिली आहेत. इथे दुकानात दिवे जास्त आहेत, पण तिथून बाहेर पडणाऱ्यांचा चेहरा मी ओळखते. आम्ही त्यांना रांगेत बसवतो, बँक खातं नसेल तर आधी ते उघडायला मदत करतो, आणि पैसे कधी येतील ते खरं सांगतो.

केंद्र चालवायला फार काही लागत नाही: खोली, काही लॅपटॉप, प्रिंटर, आणि माणसं. रिटर्न भरणाऱ्याला आयआरएसची परीक्षा द्यावी लागते. पुस्तक उघडं ठेवून, ऐंशी टक्के मिळवायचे. आपल्यातले दहावी-बारावीचे धास्तावलेले पालकसुद्धा पास होतील. आमच्या कक्षेबाहेरचं रिटर्न आलं, भाड्याने दिलेलं घर वगैरे, तर नम्रपणे नाही म्हणायचं. टेबलावर देणगीची पेटी ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याने पेटीत काही टाकलं नाही त्याला लाज वाटता कामा नये.

मला सगळ्यात जास्त माणसं लागतात ती दारात. टॅक्सची परीक्षा न देताही ते काम करता येतं, आचारसंहितेची छोटी परीक्षा तेवढी द्यावी लागते. सकाळी नऊला दार उघडतं, पण लोक आठपासून थंडीत उभे असतात. कागद बघायचे, मुलांची कार्डं आणली का विचारायचं, नसतील तर रांगेतली जागा राखून घरी पाठवायचं. हिंदी, गुजराती, तेलुगू, स्पॅनिश, जी येत असेल ती भाषा चालेल. पुढच्या जानेवारीसाठी मला दारावर चार माणसं हवी आहेत. दोन मिळाली आहेत.