सोलापूरनं तीन दिवस सरकारशिवाय काढले, त्याचं काय?

मंडळी, विषय दिलाय जुलमी सरकार पाडायला हिंसा चालते का, आणि चिठ्ठीत खाली लिहिलंय की "हो की नाही ते स्पष्ट सांगा". सांगतो की. पण सोलापुरात बसून रशियन क्रांतीपासून सुरुवात करायची म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून आधी आपलं बघू.

1930 साल. 5 मेला गांधीजींना अटक झाली, गावात हरताळ, वातावरण तापलेलं. 8 मेला लोक शिंदीची, म्हणजे जिच्यापासून दारू होते ती झाडं तोडायला गेले, गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेला, अगदी तरुण पोरगा, आणि मग जमाव जो बिथरला तो बिथरलाच. चौक्या पेटल्या, कोर्ट पेटलं, दोन पोलीस मारले गेले. पोलीस गावातून काढून घेतले. आपले वक्ते इथं थांबतात आणि टाळ्या घेतात, पण माझ्या मते खरी गंमत पुढं आहे, कारण पुढचे दोन-तीन दिवस रस्त्यावर पोलीस नाही आणि रहदारी सांभाळायला काँग्रेसचे स्वयंसेवक उभे. कोर्ट काय ओ, परत बांधता येतं. पण साहेबावाचून आपलं गाव चालतंय हे लोकांना एकदा कळलं तर साहेबाचं काय राहिलं?

आणि जाळपोळीनं काय दिलं, तर सरकारला निमित्त. 12 मेला मार्शल लॉ, लष्कर गावात, झेंडे उतरवा, डोक्यावरची गांधी टोपी काढा, 30 जूनपर्यंत हेच. पुढं 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फाशी गेले, त्या पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली. अख्ख्या जमावाला फाशी देता येत नाही हो, मग सरकारला नावं लागतात. चौकातल्या त्या चार पुतळ्यांना आपण हार घालतो, हे मात्र बोलत नाही.

मग मी हिंसा कधीच नको म्हणतोय का? नाही. निजामाच्या राज्यात रझाकारांनी ज्याचं घर जाळलं त्याला उपोषणाला बस म्हणून मी तरी सांगणार नाही. 13 सप्टेंबर 1948 ला भारताची फौज इथूनच, सोलापुरातून, नळदुर्गाच्या वाटेनं गेली आणि 17 तारखेला निजाम शरण आला, चांगलंच झालं. पण नंतर? भारत सरकारनं पाहणीला पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं अंदाज दिला, 27 ते 40 हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात वाईट हाल झाले त्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचं उस्मानाबाद. त्यातल्या किती जणांनी रझाकाराची काठी हातात धरली होती? तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता, आणि मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात आजही कोण काढत नाही.

दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला 1960 मध्ये पोलिसांनी 69 माणसं मारली, तेव्हा मंडेलांनी घातपाताचा मार्ग घेतला, पण पहिल्यांदा ठरवलं काय, तर विजेचे खांब, सरकारी इमारती उडवायच्या, माणूस मारायचा नाही. म्हणजे कुठं थांबायचं हे सुरू करायच्या आधीच ठरलेलं. नंतर तेही पूर्ण पाळलं गेलं नाही, ते सोडा.

आकडे हवे असतील तर एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी 1900 ते 2006 मधल्या सत्तेविरुद्धच्या 323 मोहिमा तपासल्या, त्यात अहिंसक 53 टक्के यशस्वी झाल्या आणि हिंसक 26. म्हणजे निव्वळ व्यवहार बघितला तरी बंदुकीचा सौदा महागच पडतो.

तर माझं उत्तर हो आहे, पण दुसरी सगळी दारं खरंच बंद असतील तेव्हाच, आणि ज्यांनी सुरू केलं त्यांच्यात दुसऱ्या दिवशी "बास" म्हणायची ताकद असेल तर. आठ मेच्या जमावाला ते ऐकवायची ताकद कोणाकडं नव्हती. आता विचारा प्रश्न, फक्त निजामाकडं मतपेटी नव्हती आणि आपल्याकडं आहे, एवढं धरून विचारा.